वेल कुणीकडं चढते

जागा अपुरी आहे, असं फोननं तिसऱ्यांदा सांगितलं. नेत्रानं मग मावसभावाच्या लग्नाचे फोटो उडवले, कॉलेजच्या प्रयोगवहीच्या पानांचे फोटो उडवले आणि एक्स्पोर्टचं बटण पुन्हा दाबलं. पट्टी सरकू लागली. चार टक्के. नऊ टक्के.

रामनगरच्या बसस्टँडसमोर अक्षयचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अक्षय तिचा कॉलेजातला वर्गमित्र. नेत्राच्या गावाहून इथवर यायला आधी जीप आणि मग बस लागते, पण दुकानात वायफाय आहे आणि गावात साधी रेंजही नाही. गावामागच्या माळावर चढून गेलं तर फोनला दोन काड्या मिळतात. तेवढ्यात निरोप जातो, व्हिडिओ जात नाही. त्यामुळे चित्रण गावात, काटछाट घरी, आणि व्हिडिओ तयार करून साइटवर चढवायचं काम दर पंधरवड्याला अक्षयच्या दुकानातल्या स्टुलावर, असा तिचा शिरस्ता पडला होता.

तेहतीस टक्क्यांवर फोन इतका तापला की तिनं तो टेबलावर ठेवला. अक्षयनं फडकं भिजवून, पिळून फोनखाली सारलं.

"ताप उतरत न्हाई तुझ्या पेशंटचा," तो म्हणाला. "बारकी साईज घे की."

तिनं नाइलाजानं एक हजार ऐंशीऐवजी सातशेवीसचा आकडा निवडला. चित्र थोडं मऊ होणार होतं. केशरकाकीच्या सुरकुत्या कमी दिसतील, म्हातारी खूश होईल, असं अक्षयचं मत पडलं. नेत्राला ते पटलं नाही. तिला सुरकुत्या हव्या होत्या, मातीचे कण हवे होते. पण दुपारची बस चुकली तर रात्र रामनगरातच काढावी लागली असती. अर्ध्या तासात व्हिडिओ तयार झाला, आणखी पाऊण तासात साइटवर चढला. परतीच्या बसमध्ये तिनं पुढच्या चित्रणासाठी जागा करायची म्हणून मूळचे सगळे कच्चे तुकडे पुसून टाकले. काम झालं होतं, ते ठेवून करायचं काय?

हा तिचा सहावा व्हिडिओ. आधीच्या पाचांना मिळून साडेतीनशे माणसंही लाभली नव्हती आणि त्यातली निम्मी तिच्या वर्गातली होती. बीएस्सी होऊन ती दांडेलीहून गावी परतली तेव्हा तिनं वडिलांना, म्हणजे वासूला, एक वर्ष मागून घेतलं होतं. शेजारच्या केशरकाकीला जमिनीखालचं जे जे ठाऊक आहे ते सगळं फोनमध्ये भरून ठेवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. काकीच्या परसात आणि मागच्या रानात मिळून बावीस जातींचे कंद होते. नेत्रानं ते मोजले होते, वहीत काढले होते, आणि त्यातल्या नऊंची शास्त्रीय नावं तिला अजून सापडली नव्हती. काकीची मुलगी गोव्यात, सून बेळगावात. गुडघे दुखू लागल्यापासून काकीच म्हणायची की ह्या रानाची किल्ली कुणाच्या हातात द्यावी कळत न्हाई.

काकीनं परवानगी दिली ती एका अटीवर. "मी दाखवते तसं दाखव. तुझ्या पदरचं घालू नको."

सहावा व्हिडिओ कोनाचा होता. कोन म्हणजे मांडीएवढा जाड होणारा, आतून पांढरा, उकडला की पिठूळ लागणारा कंद. त्याची वेल पावसात झाडावर चढते, आणि पौषात पानं झडून वेल वाळली की तो खणून काढतात. अडचण अशी की त्याच रानात त्याच झाडांवर दुसरीही एक वेल चढते. तिचा कंद कडू. खाल्ला तर घसा आवळतो, उलट्या होतात, माणूस आडवा पडतो. जाणती माणसं त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून, दोन दिवस वाहत्या पाण्यात ठेवून खातात, पण ते सगळ्यांचं काम नाही. काकीचा धाकटा भाऊ लहानपणी तो कच्चाच भाजून खाऊन चार दिवस अंथरुणाला खिळला होता. हिरव्या वेली असताना पानांवरून दोघींतला फरक कुणालाही कळतो. पण खणायच्या दिवसांत पानं नसतात. झाडाला गुंडाळलेली वाळकी दोरी तेवढी उरते, आणि ती कुणीकडं पीळ घालत वर गेली आहे ही एकच खूण शिल्लक राहते.

व्हिडिओत काकी ते असं सांगते. वेलीसमोर उभी राहून हात एका बाजूला तिरका वर नेते. "हिकडं चढत्या ती खायाची." मग हात दुसऱ्या बाजूला. "तिकडं चढत्या ती सोडायची." एवढंच. डावं-उजवं हे शब्द तिच्या बोलण्यात येत नाहीत, हात येतो.

काटछाट करताना नेत्राला एकच गोष्ट खटकली होती. पहिल्या तुकड्यात काकी अंगणात बसून एका बाजूला बघत बोलते आणि वेलीच्या तुकड्यात दुसऱ्या बाजूला बघते. दोन्ही जोडले की ती मागं कुणीतरी हाक मारल्यासारखी गर्रकन वळलेली दिसायची. ॲपमध्ये चित्र आडवं उलटवायचं बटण होतं. नेत्रानं ते दाबलं, काकीचं तोंड हवं तिकडं आलं, जोड बेमालूम बसला. त्या रात्री तिला आपल्या हाताचं कौतुकही वाटलं होतं.

बुधवारी व्हिडिओ चढला. गुरुवारी संध्याकाळी माळावर जाऊन तिनं बघितलं तर चार हजार माणसांनी तो पाहिला होता. तिला वाटलं, आकडा चुकला असेल. शुक्रवारी सात हजारांवर गेला. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा वासूनं बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही, पण "सात हजार म्हंजे आपल्या जोयड्याच्या बाजारात मावणार न्हाईत," असं म्हणून तो स्वतःशीच हसला. ही बातमी गावभर झाली. संध्याकाळी अंगणात बायका जमल्या आणि फोनवर साठवलेला व्हिडिओ मधे ठेवून बघू लागल्या.

केशरकाकी मधोमध बसली होती, स्वतःकडं परक्यासारखी बघत. वेलीचा तुकडा आला तशी शेजारची यमुना पुढं वाकली.

"आगं केशर, तुझी चमकी उजव्या नाकपुडीत कवा गेली?"

सगळ्या बघू लागल्या. खरंच, काकीच्या नाकातली चमकी पलीकडच्या बाजूला होती.

"आनि खणतीयस बी डाव्या हातानं," यमुना म्हणाली. "म्हातारपणी डावरी झालीस व्हय गं? नवऱ्याला कळवलंस का न्हाई?"

बायका हसून हसून लोळल्या. काकीनं यमुनेला कोपरानं ढोसलं आणि फोनला सगळं उलटंच दिसतं वाटतं, असं म्हणून स्वतःही हसली. नेत्रा हसली. चित्र उलटवलं म्हणून तसं दिसतंय, आरशासारखं, असं तिनं समजावूनही सांगितलं. आणि 'आरशासारखं' हा शब्द तोंडातून बाहेर पडताना तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

पडद्यावर काकीचा हात तिरका वर जात होता. हिकडं चढत्या ती खायाची. हात उलटा होता. त्यामागची वेलही उलटी होती. दोन्ही एकमेकांशी इतके जुळत होते की शंका यायला जागाच नव्हती. सात हजार माणसांना नेत्रानं अगदी नीटनेटक्या जोडासह विषारी वेल खायची म्हणून दाखवली होती.

रसायनशास्त्रात ती हे दोन वर्षं शिकली होती. आरशातली रेणूची प्रतिमा तीच नसते. एकाच सूत्राचे दोन रेणू, एक औषध, दुसरा घातक, फरक फक्त डाव्या-उजव्याचा. परीक्षेत तिला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले होते.

बायका पांगल्यावर तिनं काकीला सांगितलं. बटण कसं दाबलं, का दाबलं, सगळं.  काकीनं विचारलं, "आता हे कुणाकुणाकडं गेलंय?"  सकाळी माळावर जायचं ठरलं. काकी म्हणाली, मीबी येते.

शनिवारी तांबडं फुटल्यावर दोघी निघाल्या. काकी गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत चढत होती. नेत्राच्या पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि दोन उकडलेले कोन होते, ते काकीनं घातले होते. माळावरच्या करवंदीच्या जाळीपाशी पोचल्यावर काड्या आल्या आणि फोन एकामागून एक थरथरू लागला.

अकरा हजार तीनशे चाळीस. खाली प्रतिक्रिया. छान माहिती, आमच्या आजीची आठवण झाली, कुठं मिळतो हा कंद. आणि त्यात एक, आदल्या रात्रीची, शिवानंद नावाच्या माणसाची. हल्याळ तालुक्यात आमच्या बांधावर अशीच वेल आहे, कडू म्हणून कुणी हात लावत नव्हतं, आता ताईंच्या सांगण्यावरून खात्री झाली, उद्या काढतो, पोरं सुट्टीला आलीत, उकडून घालतो.

नेत्रानं ती मोठ्यानं वाचली. काकी तिच्या शेजारी बसली.

"उद्या म्हंजे?"

"आज."

व्हिडिओ ताबडतोब काढून टाकायचा, हे नेत्राला चढतानाच सुचलं होतं. चढवलेला व्हिडिओ मधेच दुरुस्त करून परत तिथंच ठेवायची सोय नव्हती. काढायचा आणि नव्यानं चढवायचा, आकडा पुन्हा शून्यापासून. अकरा हजारांवर पाणी सोडायचं. ते तिला जड जात होतं हे खरं, पण आता अडचण वेगळीच होती. व्हिडिओ काढला की खालच्या प्रतिक्रियाही जाणार, आणि त्यासोबत शिवानंद जाणार. त्याचा नंबर नाही, गाव नाही. त्याच्यापर्यंत पोचायची एकच दोरी होती आणि ती ह्याच चुकलेल्या व्हिडिओला बांधलेली होती.

तिनं त्याच्या प्रतिक्रियेखाली उत्तर लिहिलं. वेल काढू नका, व्हिडिओ उलटा झाला आहे, माझी चूक, लगेच फोन करा. खाली आपला नंबर घातला. मग व्हिडिओचं नाव बदललं. 'हा व्हिडिओ उलटा आहे, यावरून कोन काढू नका.' तिला थोडं हायसं वाटलं. आता वाचणाऱ्याला कळेल, असं ती म्हणाली.

"आनि न वाचणाऱ्याला?" काकीनं विचारलं. "मी वाचत न्हाई. मी बघते. माझ्यासारख्या बघणाऱ्या किती असतील त्यात?"

नेत्रानं पुन्हा आकडा बघितला. अकरा हजार तीनशे सत्तावन्न. दोघी बसल्या होत्या तेवढ्यात सतरा माणसं आली होती.

तिनं ठरवलं, ऊन करवंदीच्या जाळीवर येईपर्यंत थांबायचं. तोवर शिवानंदचा फोन आला नाही तर व्हिडिओ काढायचा आणि हल्याळच्या बसनं जाऊन गावोगाव विचारत सुटायचं. हे दुसरं किती खुळ्यासारखं आहे ते तिलाही कळत होतं. काकी मात्र म्हणाली की शिवानंद नावाची माणसं दरसाल उळवीच्या जत्रेला गाड्या जुंपून जाताना आपल्याच आंब्याखाली उतरतात, विचारलं तर सापडेल.

ऊन हळूहळू सरकत होतं. काकीनं बाटली उघडली, पाणी प्यायली, आणि बूच हातात तसंच ठेवून अंगठा बाटलीच्या गळ्यावर फिरवत बसली. तिला सवयच होती ती. कुठलीही वस्तू हातात आली की डोळ्यांआधी तिचं बोट बघायचं. अंगठा थांबला. मग परत फिरला.

"ही बी आपल्यासारखीच चढत्या की गं."

"काय?"

"ही रेघ." काकीनं बाटली पुढं केली. गळ्यावर बुचासाठी उठवलेला प्लास्टिकचा पीळ होता. काकीनं तो बोटानं दाखवला, खालून वर. "आपला कोन असाच जातो."

नेत्रानं बाटली डोळ्यांसमोर धरली. समोरून बघितलं तर रेघ डावीकडून उजवीकडं वर चढत होती. खायच्या कोनाची वेल अशीच चढते, हे तिनं वहीत चार वेळा काढलं होतं. तिनं बाटली फिरवली. मागूनही तशीच. जगातल्या सगळ्या साध्या बाटल्यांची बुचं एकाच बाजूला फिरवून बसतात, म्हणजे सगळ्यांचा पीळ एकच. ती आणखी काही विचार करणार तोच फोन वाजला.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. बोलणारा माणूस सावकाश, जरा संशयानं बोलत होता. मी शिवानंद, तुमचं लिवलेलं आत्ताच बघितलं, बांधावरच हाय, कुदळ घेऊन आलोय.

नेत्रानं आवाज मोठा केला आणि फोन दोघींच्या मधे धरला. वेल अजून तशीच आहे ना, असं तिनं आधी विचारलं. होती. मग तिनं चूक सांगितली. तो ऐकून घेत होता, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. व्हिडिओत ताईंनी हात केला तशीच वेल चढलीय, तो म्हणाला. तेच तर, नेत्रा म्हणाली, व्हिडिओतला हात उलटा आहे. मग कुणीकडची खायची? उजवीकडं चढणारी. माझ्या उजवीकडं का वेलीच्या? खालनं बघायचं का वरनं?

 त्याचा प्रश्न बरोबर होता. दूरच्या माणसाला नुसत्या शब्दांनी डावं-उजवं पटवून देणं किती अवघड असतं, यावर त्यांच्या भौतिकीच्या सरांनी एक अख्खा तास घेतला होता, आणि तेव्हा तिला ते उगाच वाढवलेलं वाटलं होतं.

काकीनं फोन ओढून घेतला.

"दादा, मी केशर. व्हिडिओतली. जेवायच्या हाताकडं चढत्या काय तुमची वेल? नीट बगा."

 "व्हय ताई. बरोब्बर जेवायच्या हाताकडं."

काकीचा चेहरा सैल झाला. मग खायाचीच हाय, असं ती म्हणणार तोच फोनमधून मागून एका बाईचा आवाज आला. "आरं, तिला सांग की तू डावरा हाईस म्हनून."

"आई हाय," शिवानंद ओशाळून म्हणाला. "मी जेवतो डाव्या हातानं. ल्हानपणी मारून मारून दमली ती."

माळावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काकीनं फोन हलकेच नेत्राच्या हातात दिला.

नेत्राला एकाएकी काय करायचं ते लख्ख दिसलं. तिनं विचारलं, "दादा, तुमच्याकडं पाण्याची बाटली आहे? फिरकीच्या बुचाची?"

होती. न्याहारीबरोबर आणलेली.

"बूच काढा. बाटली वेलीशेजारी उभी धरा. गळ्यावरची रेघ बघा आणि वेल बघा. दोघी एकाच बाजूला चढतात का?"

कुदळ खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त वारा. त्याच्या आईनं काहीतरी विचारलं, त्यानं तिला गप्प केलं. नेत्रा आकडे मोजत होती, तिला शांत राहायला तेवढं एकच जमायचं. एकवीसपर्यंत पोचली.

"न्हाई," शिवानंद म्हणाला. "बाटलीची हिकडं जात्या, वेल तिकडं. एकदम उलटी."

"तिला हात लावू नका."

"न्हाई लावत." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पातेलं चुलीवर ठिवायला सांगून आलो हुतो."

 मग काकी फोनच्या जवळ वाकली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती. रानडुकरांचीबी पोरं हायत. पण दादा, बांधावर अशी एकच वेल कधी नसत्या. बाटली घेऊन फिरा की जरा."

शिवानंद हसला. फिरतो म्हणाला. नेत्रानं त्याचा नंबर जपून ठेवला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या व्हिडिओ उघडला. अकरा हजार चारशे दोन. हे कायमचं काढून टाकायचं का, असं साइटनं विचारलं. नेत्राचा अंगठा दोन श्वासांपुरता अधांतरी राहिला. मग तिनं होय म्हटलं आणि ते पान रिकामं झालं.

"गेलं?" काकीनं विचारलं.

"गेलं. आता परत करायचं म्हटलं तर मूळचे तुकडे मी पुसून टाकलेत. ती वेलसुद्धा आपण खणून खाल्ली."

काकीनं पिशवीतला उकडलेला कोन काढून सोलला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. "ही तीच. खा. रानात वेली काय संपल्या व्हय?"

उतरताना काकी पुढं होती. घरी न जाता ती सरळ मागच्या रानात शिरली आणि एका किंदळाच्या झाडापाशी थांबली. तिथं दोन वाळक्या वेली शेजारशेजारच्या खोडांवर चढलेल्या होत्या, एक अशी, एक तशी. ह्या दोघींचा फोटो काढ, असं तिनं बजावलं. एकीलाच दाखवलंस तर बघणाऱ्याला दुसरी कशी कळंल?

त्या दुपारी त्यांनी सगळं नव्यानं टिपलं. ह्या वेळी काकीच सांगत होती, आता जवळून घे, आता हाताचं घे. तिनं बाटली वेलीशेजारी धरली आणि फोनकडं बघून म्हणाली, "माझा हात बघू नका. हात चुकतो. तुमच्या घरातली बाटली घ्या, बूच काढा आणि तुमच्या वेलीला लावून बघा. जुळली तर आपली. जुळली न्हाई तर सोडा. आनि कळलं न्हाई तर बी सोडाच." शेवटी तिनं कोनाचं डोकं, म्हणजे पुन्हा फुटणारा वरचा तुकडा, कापून खड्ड्यात परत पुरलं, ती नेहमी करते तसं, आणि वर मातीवर दोनदा हात थोपटला. तो भाग नेत्रानं पहिल्या व्हिडिओत लांबी कमी करायची म्हणून कापला होता. ह्यात ठेवला.

काटछाट करताना काकी पुन्हा दोन ठिकाणी दोन बाजूंना बघत होती. जोड बेढब दिसत होता. नेत्रानं तो तसाच राहू दिला.

सोमवारी ती रामनगरला गेली. ह्या वेळी तिनं सगळी गाणी पुसली होती, कच्चे तुकडे अक्षयच्या जुन्या हार्डडिस्कवर उतरवून घेतले होते, आणि एक हजार ऐंशीवर हटून बसली होती. फोन तापला. अक्षयनं न सांगता फडकं भिजवून आणलं. त्याला सगळी हकीकत कळली तेव्हा तो बराच वेळ स्टुलामागं उभा राहून पट्टीकडं बघत होता. एकोणसाठ, साठ. अकरा हजार माणसं घालवलीस आणि वर हसतीयस, असं तो म्हणाला. नेत्रानं त्याच्या टेबलावरची सॉल्व्हंटची बाटली उचलून बुचाखालचा पीळ त्याला दाखवला. तोही तसाच चढत होता. मग त्यांनी दुकानातले स्क्रू बघितले, गोंदाची नळी बघितली, पलीकडच्या हॉटेलातून लोणच्याची बरणी मागवून बघितली. सगळे एकाच बाजूला. एक गिऱ्हाईक आपला फोन घ्यायला आलं होतं, तेही खिशातली औषधाची बाटली काढून बघू लागलं.

व्हिडिओ चढला. त्या रात्रीपर्यंत एकशेबारा माणसांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी दोनशे चौऱ्याऐंशी. चार हजार काही झाले नाहीत.

पण खाली काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. लोक फोटो टाकू लागले. खानापूरकडच्या कुणी आंब्याच्या खोडाशेजारी खोबरेल तेलाची बाटली धरली होती. चंदगडच्या एका मुलीनं आजीच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली दिली होती, आजी वेलीकडं न बघता बाटलीकडंच बघत होती. कुणी विचारत होतं, जुळली, बरोबर ना? पानं असताना पुन्हा तपासा, असं नेत्रा प्रत्येकाला लिहीत होती, आणि जिथं तिला स्वतःला खात्री नव्हती तिथं 'कळत नाही, सोडा' एवढंच. संध्याकाळी ती एकेक फोटो काकीला दाखवायची. काकी पडद्यावर नख ठेवून खालून वर न्यायची आणि मान हलवायची. चार फोटोंवर ती थांबली. एकात असा कोन होता जो तिनं आयुष्यात बघितला नव्हता. बाटलीशी जुळत होता, पण वेल काटेरी होती. "ह्या बाईचं गाव कुठलं विचार," ती म्हणाली. "डोकं पाठवंल काय विचार. पुरून बघू." नेत्रानं वहीत तेविसावा आकडा लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

शिवानंदचा फोटो आठवड्यानं आला. बांधाच्या दुसऱ्या टोकाला त्याला एक वेल सापडली होती. ह्या साली तो ती काढणार नव्हता. नुसती खूण करून ठेवली होती, पुढच्या पावसात पानं बघून मगच कुदळ लावायची, असं आईनं बजावलं होतं. खूण म्हणून त्यानं पाण्याची रिकामी बाटली सुतळीनं वेलीला टांगली होती, बूड वर, तोंड खाली.

काकीनं ते बघून कपाळाला हात लावला. "आगं, ह्या डावऱ्यानं बाटली उलटी टांगली की. पोरांना उलटं कळंल."

नेत्रा उठली, घरातली बाटली आणली आणि काकीच्या हातात दिली. काकीनं बूच काढून गळ्यावर अंगठा ठेवला, खालून वर नेला. मग बाटली उलटी केली आणि पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, डोळे मिटून. रेघ त्याच बाजूला चढत होती. तिनं परत सुलटी केली, परत उलटी.

"कशीबी धरली तरी तशीच जात्या," ती म्हणाली.

"फक्त आरशात बदलते," नेत्रा म्हणाली.

काकीनं बूच लावलं, घट्ट फिरवलं आणि बाटली पदराखाली घेतली. उद्या सकाळी रानात जायचं होतं, आता पुढच्या व्हिडिओसाठी काट्या कणगी ह्या दुसऱ्या कंदाची पाळी होती.